उताराच्या रानात ट्रॅक्टर घालायचाय, अनुभवी लोकांचा सल्ला हवा

डोंगरकूस

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथलं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

आमचं वडिलोपार्जित रान डोंगराच्या कुशीत आहे, सगळं मिळून आठ एकर. खालचा तुकडा बऱ्यापैकी सपाट, त्याच्यावर उताराची शेतं, मधून एक घळ गेलेली आणि सगळ्यात वर गवताचा माळ आणि झाडी. मी तिथे बारमाही राहत नाही. नांगरट, पेरणी, गवतकापणी, काढणी आणि शेवटी वाळकी लाकडं खाली आणणं, एवढ्या कामांना जाते. दर वेळी दहा-पंधरा दिवस. इतकी वर्षं भाड्याच्या ट्रॅक्टरवर भागवलं. पण ज्या चार दिवसांत आपल्या रानाला वापसा (नांगरटीजोगी ओल) येतो, त्याच चार दिवसांत सगळ्यांना ट्रॅक्टर हवा असतो. त्यातून उताराचं रान म्हटलं की चालक नको म्हणतो. त्याचं चुकत नाही, जीव त्यालाही आहे. शेवटी यंदा जुना ३५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेतला. टू व्हील ड्राइव्ह आहे.

आता खरं कारण सांगते. मागच्या आठवड्यात खालच्या शेतातून वरच्या शेतात जाताना, मागे नांगर उचललेला, चढावर मधेच थांबावं लागलं. पुन्हा निघताना क्लच सोडला आणि ट्रॅक्टरचं तोंड उचललं. पुढची चाकं वीतभर वर. मी घाबरून क्लच दाबला, चाकं धाडकन खाली आली. काही झालं नाही, पण हात अर्धा तास थरथरत होते. तेव्हापासून ट्रॅक्टर उभा आहे.

मला ट्रॅक्टर विकायचा नाही. चुकलं कुठे ते समजून घ्यायचं आहे आणि या रानात ट्रॅक्टरने काय करावं, काय करू नये, ते ठरवायचं आहे. ज्यांनी उतारावर काम केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

जुना फाळ

ताई, आधी एक सांगतो. तुम्ही क्लच दाबलात तेच बरोबर केलंत. त्या क्षणी दुसरं काहीही केलं असतं तर आज हा धागा नसता. तोंड उचलल्यापासून ट्रॅक्टर मागे उताणा पडेपर्यंत दीड सेकंद पुरतो, आणि पाऊण सेकंदानंतर काही केलं तरी तो परत येत नाही. माणसाला कळून पाय हलेपर्यंत बहुतेक वेळ गेलेला असतो.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इंजिन मागची चाकं फिरवायला बघतं. चाकं फिरली तर ट्रॅक्टर पुढे जातो. पण चाकं अडली, जमीन घट्ट धरून आहे, वर चढ आहे, तर तीच ताकद उलटी लागते आणि चाकांऐवजी ट्रॅक्टरचं धडच मागच्या एक्सलभोवती फिरायला लागतं. चढावर वजन आधीच मागे सरकलेलं असतं. त्यात तुमचा नांगर उचललेला, म्हणजे एक्सलच्या मागे लोंबणारं आणखी वजन. पुढची चाकं जमिनीवर नावापुरती टेकली होती. क्लच थोडा झटक्यात सुटला, झालं.

सुरुवातीच्या काळात ट्रॅक्टरमागे नांगर बैलामागे बांधतात तसा नुसता जोडलेला असायचा. फाळ दगडाला अडकला की ट्रॅक्टर उभा राहून चालकावर पडायचा. हॅरी फर्ग्युसनने थ्री पॉइंट लिंकेजची, म्हणजे औजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडायची, रचना बसवली त्यामागे हा धोकाही होता. १९३६ पासून त्या जोडणीचे ट्रॅक्टर विकायला आले. त्यात नांगर ओढताना टॉप लिंक, म्हणजे तीनातली वरची जोडणी, पुढे रेटते आणि ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबलं जातं. पण हा फायदा नांगर जमिनीत असताना. उचललेला नांगर हे निव्वळ मागचं ओझं.

तुमच्यासाठी चार गोष्टी. पुढे वजनं लावा, आधी ती, मग बाकीचं. औजार घेऊन चढ चढायचा असेल तर औजार जमिनीपासून जेमतेम सुटेल एवढंच उचला. चढ फारच उभा असेल तर रिव्हर्समध्ये चढा, म्हणजे औजार चढाच्या बाजूला राहील आणि तोंड उचलायचा प्रश्नच येणार नाही. आणि काहीही ओढायचं असेल, अगदी एक ओंडका असला तरी, साखळी ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या खालच्या ओढदांड्यालाच. टॉप लिंकच्या जागी किंवा एक्सलला गुंडाळून कधीही नाही. ओढ जितकी वरून, तितका ट्रॅक्टर मागे उलटायला सोपा.

अजून एक, हे फार कमी लोक सांगतात. चढावर क्लच दाबल्यावर ट्रॅक्टर मागे घरंगळायला लागला तर ब्रेक एकदम मारू नका. ब्रेक मागच्या चाकांना आहेत. मागे जाणारी चाकं एकदम अडली की धड पुन्हा त्यांच्याभोवती फिरतं आणि तोंड परत उचलतं. ब्रेक हळूहळू धरायचा. खरं तर तिथवर वेळच येऊ द्यायची नाही. चढाला लागण्याआधी गिअर टाकायचा आणि मधे थांबायचं नाही.

रानवाट

टायरमध्ये पाणी भरलंय का? आमच्याकडे उताराच्या कामाला सगळे पाणी भरतात.

जुना फाळ

पाणी चांगलंच. वजन खाली येतं, आडव्या उताराला ट्रॅक्टर बसून चालतो. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून त्या पातळीपर्यंत भरलं की टायर साधारण पाऊण भरतो, वर हवेला जागा राहते. थंडीत पाणी गोठणारा भाग असेल तर नुसतं पाणी चालत नाही.

पण ताईंच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. मागे पाणी भरलं की चाकाची पकड वाढते. चाक घसरत होतं तेव्हा ते घसरणंच तोंड उचलण्यापासून वाचवत होतं. पकड वाढली आणि पुढे वजन नाही, तर ट्रॅक्टर आधीपेक्षा लवकर उभा राहील. म्हणून म्हणालो, आधी पुढची वजनं.

गिअरपेटी

सगळे चढाबद्दल बोलताहेत. मी उतरण्याबद्दल बोलतो, कारण माझ्या ओळखीतले दोन अपघात उतरतानाचेच आहेत.

चढ चढता आला नाही तर ट्रॅक्टर थांबतो. उतरताना चुकलं तर थांबत नाही. साधा हिशेब बघा. २० टक्के उतार, मागे ट्रॉली मालासकट तीन टन. ट्रॉलीचा उताराच्या दिशेने रेटा जवळपास ६०० किलो. तो सगळा तुमच्या हिचवर, म्हणजे ट्रॉली जोडायच्या जागेवर, येतो आणि ट्रॅक्टरला मागून ढकलतो. ट्रॅक्टर हलका, ट्रॉली जड, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. मग वळणावर ट्रॉली सरळ जाऊ बघते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि दोन्ही एकमेकांत दुमडतात.

उतरायच्या आधी, वर सपाटीवर असतानाच, लो गिअर टाका. ज्या गिअरमध्ये तो चढ माल घेऊन चढता येईल त्याच गिअरमध्ये किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरायचं. एकदा उतरायला लागलं की क्लचला पाय लावायचा नाही. क्लच दाबला म्हणजे इंजिनने धरून ठेवलेला ट्रॅक्टर सोडून दिला. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणारे चालक मी पाहिलेत, आणि त्यातल्या एकाचा पाय आज नाही.

दोन्ही ब्रेकची पेडलं जोडणारी कडी लावलेली आहे ना, ते दर वेळी हाताने तपासा. नांगरताना वळणासाठी आपण ती सोडतो आणि विसरतो. उतारावर एकाच बाजूचा ब्रेक लागला की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

फोर व्हील ड्राइव्ह असेल त्यांनी उतरताना ती लावून ठेवावी. ती चढायला लागते असं लोकांना वाटतं. पण बऱ्याच ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि उतारावर तोंड खाली असताना मागची चाकं हलकी झालेली असतात. पुढचा एक्सल जोडलेला असला तर इंजिनचा आणि ब्रेकचा धाक चारही चाकांना लागतो. समोर लोडरच्या बकेटमध्ये माल असेल तेव्हा तर हे विसरूच नये.

मातीवेडी

ताई, एक विचारू? ट्रॅक्टरला वर सुरक्षा चौकट आहे का? म्हणजे सीटच्या मागे उभा लोखंडी कमानीसारखा भाग, किंवा पूर्ण केबिन?

डोंगरकूस

नाही. नुसती छत्री होती, तीही काढून ठेवली.

मातीवेडी

मग वजनं, पाणी, गिअर हे सगळं नंतर. आधी चौकट.

मी मृदसंधारणाचं काम करते, ट्रॅक्टर हा माझा विषय नाही, पण उताराच्या रानांत रोज फिरते. कितीही शहाणपणाने चालवलं तरी उतारावर एखादा दगड, एखादं बीळ, गवतात झाकलेला खड्डा असतोच. चौकट ट्रॅक्टरला उलटण्यापासून वाचवत नाही. उलटल्यावर चालकाभोवती जागा राखते. पण त्यासाठी चालक त्या जागेतच असायला हवा, म्हणून चौकटीबरोबर सीट बेल्ट हवाच. उलटं लक्षात ठेवा, चौकट नसेल किंवा दुमडून ठेवली असेल तर बेल्ट लावायचा नाही.

स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला चौकट सक्तीची झाली, आणि ट्रॅक्टर उलटून मरणारे चालक त्यानंतर फार कमी झाले. माणसं काही रातोरात जपून चालवायला लागली नव्हती, लोखंड बदललं होतं.

कृपा करून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पाइप वाकवून घेऊ नका. त्याची नियत चांगली असेल, पण त्या चौकटीवर दोन टनांचा ट्रॅक्टर आपटतो तेव्हा सांधा तुटतो की वाकतो हे चाचणीशिवाय कळत नाही. तुमच्या मॉडेलसाठी तपासलेली चौकट मिळवा. उशीर झाला तर झाला, एक हंगाम सपाटीवरच काम करा.

डोंगरकूस

सगळ्यांचे मनापासून आभार. चौकटीची चौकशी सुरू केली आहे. ती बसेपर्यंत ट्रॅक्टर खालच्या तुकड्याबाहेर काढणार नाही.

तोपर्यंत काल एक काम केलं. उतार डोळ्यांनी सांगता येत नाही असं इथेच कुणीतरी लिहिलं होतं, म्हणून मोजला. एक मीटरची सरळ पट्टी घेतली, तिच्यावर गवंड्याची लेव्हल बाटली. पट्टीचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवायचं, बुडबुडा मधोमध येईपर्यंत दुसरं टोक उचलायचं आणि त्या टोकाखालची उंची मोजायची. जितके सेंटिमीटर, तितके टक्के उतार. दिवसभर भावाला घेऊन रानभर फिरले.

खालचा तुकडा ३ ते ५ टक्के. मधली दोन शेतं १२ ते १४. वरचं शेत आणि माळ २२ पासून २८ पर्यंत. घराकडे येणारी वाट सगळ्यात उभ्या जागी १८. मला इतके दिवस वरचं आणि मधलं शेत सारखंच वाटायचं! वरचं जवळजवळ दुप्पट निघालं.

आता प्रश्न. मधल्या शेतात नांगरट उताराला आडवी करायची की उभी? वडील बैलांनी कायम आडवीच करायचे.

जुना फाळ

मोजलंत हे उत्तम केलंत. ४५ अंशांचा उतार म्हणजे १०० टक्के, त्यामुळे अंश आणि टक्के यात गोंधळ करू नका. तुमचे २७ टक्के म्हणजे सुमारे १५ अंश.

माझं मत स्पष्ट आहे. ट्रॅक्टर उभ्या रेषेत चालवा, वर-खाली. आडवा चालवलात की सगळं वजन खालच्या बाजूच्या चाकांवर जातं, आणि वरचं चाक एका दगडावर चढलं किंवा खालचं एका खळग्यात गेलं की पलटी. बैल आडवे चालले तर बैल पलटी होत नाहीत.

मातीवेडी

फाळकाका, तुमच्या अनुभवाचा मला आदर आहे, पण इथे मी गप्प बसणार नाही. १२-१४ टक्क्यांच्या शेतात उभी नांगरट म्हणजे प्रत्येक तास, म्हणजे नांगराने पाडलेली चरी, ही पाण्याची तयार पन्हळ. पहिल्या जोरदार पावसात माती तासातासाने खाली येते. आणि पाऊस नसला तरी नांगर स्वतः माती खाली लोटतो, कारण उतारावर उलटलेलं ढेकूळ वर जातं त्यापेक्षा खाली जास्त जातं. वीस-तीस वर्षं तसं केलेलं रान मी बघते तेव्हा वरच्या कडेला फिकट, मुरमाड पट्टा दिसतो आणि खालच्या बांधाशी कमरेएवढी माती साठलेली असते. ताईंचे वडील आडवं नांगरायचे म्हणून आज त्या शेतात माती आहे.

जुना फाळ

माती जाईल हे मला मान्य आहे. पण मातीसाठी माणूस घालवायचा का?

गिअरपेटी

तुम्ही दोघेही बरोबर आहात, म्हणून उत्तर उतार किती यावर येतं. मी सांगतो मी काय करतो.

माझ्याकडे पलटी नांगर आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना माती टाकता येते. आडवी नांगरट मी शेताच्या वरच्या कडेपासून सुरू करतो आणि माती नेहमी चढाच्या बाजूला टाकतो. म्हणजे पहिलं तास सगळ्यात वर, पुढचं त्याच्या खाली, आणि त्याची माती वरच्या तासात. असं केलं की ट्रॅक्टरची चढाच्या बाजूची चाकं आधीच्या तासात चालतात. तास २० सेंटिमीटर खोल आणि दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरलं, तर नुसत्या त्या तासामुळे ट्रॅक्टर साधारण ८ अंश चढाकडे झुकतो. १४ टक्के उतार म्हणजे ८ अंशच. म्हणजे मधल्या शेतात तुमचा ट्रॅक्टर जवळपास सपाटीवर असल्यासारखा चालेल.

हेच उलटं केलंत, खालून सुरू करून माती उताराकडे टाकलीत, तर खालची चाकं तासात जातात आणि तेच ८ अंश उतारात मिळवले जातात. ८ आणि ८, १६ अंश. ट्रॅक्टर तोच, शेत तेच, फक्त नांगर कुठल्या बाजूला पलटवला त्याचा फरक. साधा एकाच बाजूला माती टाकणारा नांगर असेल तर जाताना एक आणि येताना दुसरं होतं, म्हणून उतारावर पलटी नांगरच.

पहिलं तास मात्र जपून, कारण तेव्हा चाकाला तासाचा आधार नसतो. ते मी उथळ घेतो आणि अगदी सावकाश. रोटाव्हेटरला (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या औजाराला) हा फायदा नाही, हेही लक्षात ठेवा. तिथे चाकं वरच चालतात.

१५ टक्क्यांच्या पुढे मात्र मी स्वतः टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आडवा घालत नाही.

जुना फाळ

हे पटलं. मी आयुष्यभर सपाटीवरचा नांगर उतारावर वापरत आलो, म्हणून मला आडवं नको वाटतं. मातीवेडी ताई, शब्द मागे घेतो. भर एकच. मागच्या चाकांमधलं अंतर वाढवता येतं. बऱ्याच ट्रॅक्टरला रिम आणि डिश (चाकाची मधली तबकडी) उलटी-सुलटी बसवून चाकं बाहेर घेता येतात. आडव्या उताराला रुंद बसलेला ट्रॅक्टर आणि अरुंद बसलेला, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मात्र नांगराचं माप त्याप्रमाणे परत बसवावं लागतं, आणि चाकाचे नट सुरुवातीला थोडा वेळ काम झाल्यावर पुन्हा आवळायला विसरू नका.

मातीवेडी

धन्यवाद काका. मग ताई, माझं मागणं वरच्या शेताबद्दल. २२ ते २८ टक्के हे नांगरायचं रान नाही, ट्रॅक्टरने तर नाहीच. ते कायमच्या गवताला सोडा. गवत माती धरेल, तुम्हाला चारा देईल, आणि तिथून खाली येणारं पाणी मधल्या शेतात निवळ होऊन येईल. मधल्या दोन शेतांमध्येही समतल रेषेवर गवताचा एक दाट पट्टा राखा.

डोंगरकूस

मनातून हेच वाटत होतं, पण नांगरलेलं शेत पडीक टाकलं असं वाटेल म्हणून धीर होत नव्हता. गवतच करते.

पण मग ते गवत कापायला ट्रॅक्टर वर न्यावा का? पीटीओवरचं, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फिरत्या शाफ्टवर चालणारं, कापणी यंत्र मिळतंय.

रानवाट

२५ टक्क्यांच्या वर टू व्हील ड्राइव्ह नको. मागे चालायचं छोटं कापणी यंत्र किंवा खांद्यावरचा ब्रश कटर. आमचा असाच माळ आहे. सकाळी दव असताना ट्रॅक्टर नेला होता. ओलं गवत साबणासारखं असतं. चाकं फिरत नव्हती, ब्रेक लागलेले, तरी ट्रॅक्टर अख्खा घसरत तीस-चाळीस फूट खाली आला. बांधाला अडला म्हणून वाचलो. घसरायला लागल्यावर ब्रेकचा काही उपयोग नसतो, हे तेव्हा कळलं. आता दव सुकल्याशिवाय उताराच्या कुठल्याही तुकड्यात कुणी यंत्र नेत नाही, आणि कापलेलं गवत पडलेलं असताना त्यावरून तर नाहीच. वाळलेलं गवतही घसरवतं.

गिअरपेटी

पीटीओचा विषय निघाला म्हणून. ५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. आठ सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टभोवती सेकंदाला दोन मीटरांहून जास्त कापड गुंडाळलं जातं. ओढणी, पदर, सैल बाही, मोकळे केस, काहीही. प्लास्टिकचं आवरण तुटलं असेल तर काम बंद. उतारावर यंत्रात काही अडकलं तर इंजिन बंद करून, चावी खिशात घालून, चाकाखाली ठोकळा लावून मगच खाली उतरायचं.

आणि ट्रॅक्टर उभा करताना औजार जमिनीवर टेकवा, हँडब्रेक ओढा आणि चाकाच्या उताराच्या बाजूला ठोकळा ठेवा. साध्या गिअरच्या ट्रॅक्टरला लो गिअर टाकून ठेवता येतो, पण काही शटल (पुढे-मागे चटकन बदलणाऱ्या गिअरचे) आणि हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ट्रॅक्टर इंजिन बंद केलं की गिअरवर थांबत नाहीत. ठोकळा ट्रॅक्टरवरच बांधलेला असू द्या. शोधायला लागला की माणूस टाळतो.

पाणवठा

फवारणीचं कुणी बोललं नाही. मागे अडकवलेली टाकी अर्धी झाली की उतारावर पाणी एका बाजूला धावतं आणि वळताना अचानक वजन सरकतं. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी जास्त त्रास देते. आत आडवे पडदे असलेली टाकी घ्या, आणि वळण घ्यायचं तर वेग अगदी कमी. वेग दुप्पट केला की वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो.

डोंगरकूस

लाकडांचं काय करावं? वरच्या झाडीतून वाळके ओंडके घराशी आणायचे असतात. दर वर्षी ट्रॉली वर नेऊन भरायचो.

जुना फाळ

ट्रॉली वर नेऊ नका. ट्रॅक्टर खाली सपाटीवर उभा करून विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, ओंडके ओढून घेता आले तर सगळ्यात बरं, कारण मग उतारावर लाकूड जातं, ट्रॅक्टर जात नाही. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, आणि ओंडक्याच्या खालच्या बाजूला तर अजिबात नाही. विंच नसेल तर माणसांनी वाटेपर्यंत आणायचे आणि तिथून ट्रॉली, निम्मीच भरून. ट्रॉलीत माल पुढच्या बाजूला थोडा जास्त ठेवा. मागे जड झाली तर ट्रॉली हिच वर उचलते आणि मागच्या चाकांची पकड जाते.

आणि मडगार्डवर कुणाला बसवू नका. लाकडं भरून झाली की दमलेली माणसं हक्काने बसतात, त्यांना नाही म्हणणं जड जातं. तरी म्हणायचं.

डोंगरकूस

हंगाम संपला, म्हणून पुन्हा लिहायला बसले आहे. मधे चार महिने गेले.

चौकट आणि बेल्ट बसवून घेतला, त्यात नांगरटीची वेळ हुकली असती, पण वापसा थोडा लांबला आणि जमलं. पुढे वजनं लावली, मग मागच्या चाकांत पाणी भरलं, चाकं बाहेर घेतली. ओळखीच्यांकडून पलटी नांगर आणला आणि मधली दोन्ही शेतं वरच्या कडेपासून, माती चढाकडे टाकत नांगरली. पहिलं तास काढताना छाती धडधडत होती. तिसऱ्या तासाला चाक खाली बसलं आणि ट्रॅक्टर सरळ झाला तेव्हा मी थांबून खाली उतरले, लांबून बघितलं. सीट खरोखरच सपाट दिसत होती. गिअरपेटीदादा, ते बघून मला रडू आलं. त्या शेताला मी इतके महिने घाबरत होते.

पावसाच्या पहिल्या दोन दणक्यांनंतर बांधाशी जाऊन पाहिलं. पाणी गढूळ होतं, पण मागच्या वर्षीसारखा गाळाचा थर नव्हता. वरच्या शेतात गवत धरलंय. ते ब्रश कटरने कापलं, आठ दिवस लागले, खांदे दुखले, पण वर ट्रॅक्टर नेला नाही.

आता तीन महिने मी तिथे नसेन. उभ्या ट्रॅक्टरची काय काळजी घेऊ? आणि घळीच्या कडेने जाणारी वाट यंदा थोडी खचली आहे, तिथून ट्रॅक्टर न्यावा का?

गिअरपेटी

वाचून फार बरं वाटलं ताई.

उभा ठेवताना डिझेलची टाकी गच्च भरून ठेवा. रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा आतल्या पत्र्यावर जमतो आणि डिझेलमध्ये पाणी उतरतं. बॅटरीची वायर काढा, आधी निगेटिव्ह. लिफ्टचे हात खाली सोडून ठेवा. दमट जागी महिनोन्महिने उभा राहिला तर क्लच प्लेट चिकटते, म्हणून पेडल दाबून लाकडाच्या तुकड्याने अडकवून ठेवतात. सायलेन्सरचं तोंड आणि हवेच्या फिल्टरची नळी झाका, उंदीर तिथेच घर करतात. फक्त झाकलेलं काय काय आहे याची चिठ्ठी स्टीअरिंगला बांधा.

जुना फाळ

घळीबद्दल मी सांगतो. घळ जितकी खोल, किमान तितकं अंतर काठापासून सोडायचं. दीड मीटर खोल असेल तर चाक दीड मीटर आत. त्याच्या अलीकडची माती वरून घट्ट दिसते, पण तिला बाजूचा आधार नसतो, चाकाचं वजन आलं की पाचरीसारखी सुटते. वाट खचली म्हणता, तर जुनी वाट आता मोडीत काढा. त्या अंतरावर खुंट्या ठोका आणि त्यांना उठून दिसेल असं कापड बांधा, तुमच्यासाठी नव्हे तर तुमच्या माघारी ट्रॅक्टर मागून नेणाऱ्यासाठी. पुढच्या पावसानंतर आलात की आधी पट्टी घेऊन खोली पुन्हा मोजा. कड दर वर्षी आत सरकते, खुंट्या आपण होऊन सरकत नाहीत.

डोंगरकूस

उद्या सकाळी निघायच्या आधी खुंट्या ठोकून जाते. काल मोजलं, वळणापाशी घळ एक मीटर ऐंशी निघाली. वाट दोन मीटर आत घेतली आहे, मधे आलेलं एक झुडूप काढावं लागलं.